रॅम भरपूर, तरी ‘आउट ऑफ मेमरी’? ३२-बिट मशीनवर या चुका टाळा

जुन्या ३२-बिट मशीनवर एखादा प्रोग्रॅम ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत बंद पडला, की बहुतेक जण आधी रॅम वाढवतात. पैसे वाया जातात ते इथेच. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो; ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात, म्हणजे ४ जीबी. ३२-बिट विंडोज त्यातले २ जीबी कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) राखून ठेवतं, प्रत्येक प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) वाट्याला उरलेले २ येतात. लिनक्समध्ये बहुधा प्रोसेसला ३ आणि कर्नलला १ अशी वाटणी असते. प्रोग्रॅमला टंचाई असते ती पत्त्यांची, आणि रॅम कितीही बसवली तरी पत्ते तेवढेच राहतात.

‘पण आमच्याकडे पीएई चालू आहे’ हे उत्तरही कामाचं नाही. १९९५च्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून आलेल्या या ‘फिजिकल ॲड्रेस एक्स्टेंशन’ सोयीने मशीनला ६४ जीबीपर्यंत रॅम वापरता येते. एकेका प्रोसेसचा पॉइंटर, म्हणजे पत्ता साठवणारा आकडा, मात्र ३२ बिटांचाच राहतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो टास्क मॅनेजर. तिथे १.३ जीबी दिसतंय, मग अडतंय कुठे? तो आकडा साधारणपणे रॅममध्ये असलेल्या भागाचा असतो, अडवून ठेवलेल्या पत्त्यांचा नव्हे. विंडोजवर प्रत्येक थ्रेडच्या (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या) स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या साठ्यासाठी, सहसा १ एमबी पत्ते राखले जातात; ५०० थ्रेड म्हणजे ५०० एमबी गेले, वापर नगण्य असला तरी. त्यात डीएलएल (प्रोग्रॅमसोबत लोड होणाऱ्या कोडच्या फाइली) मधेमधे बसून मोकळ्या जागेचे तुकडे पाडतात. समजा ६०० एमबी मोकळे आहेत, पण सलग सगळ्यात मोठा तुकडा ९० एमबीचा आहे; अशा वेळी २०० एमबीचा ॲरे (सलग जागा लागणारी यादी) मागितला की नकारच मिळणार. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेस एक्सप्लोरर या टूलमध्ये ‘व्हर्च्युअल साइझ’ (अडवलेले एकूण पत्ते) बघा आणि व्हीएममॅप या टूलमध्ये सगळ्यात मोठा मोकळा तुकडा शोधा. हे दोन आकडे पाहिल्याशिवाय काहीही बदलू नका.

विंडोज एक्सपीच्या बूट.आयएनआय या सुरुवातीच्या सेटिंग फाइलमध्ये, प्रोसेसला ३ जीबी देणारा ३जीबी स्विच टाकून थांबणं ही अर्धवट दुरुस्ती. प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइलवर ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ फ्लॅग (२ जीबीच्या पुढचे पत्ते चालतात अशी खूण) नसेल तर त्याला २ जीबीच मिळतात, आणि कर्नल उगाच १ जीबीवर येऊन ड्रायव्हर कुरकुरायला लागतात. ६४-बिट विंडोजवरही ३२-बिट प्रोग्रॅमला हाच नियम आहे: फ्लॅग असेल तर ४ जीबी, नसेल तर २. मायक्रोसॉफ्टच्या एडिटबिन या टूलने तो फ्लॅग जबरदस्तीने लावता येतो, पण जुन्या कोडमध्ये पॉइंटर चिन्हासहित पूर्णांक म्हणून वापरला असेल, तर २ जीबीच्या पुढचा पत्ता ऋण ठरतो आणि तुलना चुकतात. चाचणी केल्याशिवाय हे कुणाच्या चालू कामावर करू नका.

कोड तुमच्या हातात असेल तर मोठे बफर (डेटा ठेवायची जागा) तुकड्यांत मागा आणि थ्रेड कमी करा. मोठी फाइल अख्खी मॅप करण्याऐवजी (म्हणजे पत्त्यांवर बसवण्याऐवजी) लागेल तेवढाच भाग मॅप करा. आणि प्रोसेसर जुना आहे म्हणून तो ३२-बिटच असेल, असं धरून चालू नका. लिनक्सवर सीपीयूइन्फो फाइलमध्ये फ्लॅगच्या ओळीत ‘एलएम’ (लाँग मोड) दिसलं, तर तो ६४-बिट आहे. अडलंय ते फक्त ऑपरेटिंग सिस्टिमपाशी.