मोझांबिकला वर्ष-दोन वर्षं सेवेला जाताय? बॅगेत काय भरायचं आणि तिथे घर कसं लावायचं

नर्स, शिक्षक, इंजिनिअर, कोणीही असा, गोव्यातनं बाहेरदेशी व्हॉलंटिअर म्हणून जायचं ठरलं की घरात पहिला गोंधळ बॅगेचाच असतो. आई लोणच्याच्या बरण्या काढते, मावशी चादरी आणून देते आणि बघता बघता पन्नास किलो होतात. मी मोझांबिकचं सांगते कारण तिथे राहिलेय, पण यातलं बरंचसं मलावी-टांझानियालाही चालेल. माझं म्हणणं एवढंच की जे मऊ, मोठं आणि जागा खाणारं आहे ते सगळं तिथे मिळतं, बॅगेत जागा द्यायची ती औजारांना, औषधांना आणि कागदांना.

बॅग काढायच्या आधी संस्थेला घराबद्दल विचारा. यूएन व्हॉलंटिअर्समध्ये महिन्याचा भत्ता मिळतो आणि घर बहुतेक वेळा आपणच शोधायचं असतं, व्हीएसओसारख्या संस्था साधारण राहायची सोय करून देतात, पण "सोय" म्हणजे चार भिंती की पलंग-गॅससकट ते लेखी घ्या. तुमच्या आधी त्या जागी असलेल्या माणसाचा नंबर मिळाला तर फारच उत्तम, त्याला व्हॉट्सॲपवर घराचा व्हिडिओ मागा, खिडक्यांना जाळ्या आहेत का, पाणी नळाला येतं की विहिरीवरून आणायचं, प्लग कसले, हे सगळं त्यात दिसतं.

कागद. पासपोर्ट, डिग्र्या, पोलिस क्लिअरन्स, भरपूर पासपोर्ट साइझ फोटो. तिथे पोचल्यावर परदेशी माणसाला दिरे नावाचं रहिवासी कार्ड काढावं लागतं आणि ते हातात येईपर्यंत रस्त्यात पोलिस कागद मागू शकतात, म्हणून पासपोर्टची तिथल्या नोटरीकडून सर्टिफाइड कॉपी करून घ्या, ती खिशात ठेवा आणि मूळ पासपोर्ट घरी कुलपात. जाताना नैरोबी किंवा आदिस अबाबाला थांबा असेल तर यलो फीवरची लस घेऊन ठेवा, नाहीतर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. लस निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, सर्टिफिकेट 2016 पासून जन्मभर चालतं, आणि गोव्यात मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात ही सोय आहे, फक्त आधी फोन करून दिवस विचारून घ्या. आणि हो, इथलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका, बँकेचे सगळे ओटीपी त्यावरच येतात, 90 दिवस वापरच झाला नाही तर नंबर जाऊ शकतो.

आता सामान. तिकिटावर किती किलो ते नीट बघा, बऱ्याच एअरलाइन्स आफ्रिकेला 23 किलोच्या दोन बॅगा देतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. सुकं खोबरं अजिबात भरू नका, त्यात तेल असतं म्हणून ते पेट घेणाऱ्या मालात धरतात, 2022 पासून चेक-इन बॅगेतही चालत नाही. तशी त्याची गरजही नाही, मोझांबिकच्या किनाऱ्यावर नारळ भरपूर, आणि आपल्या आडोळीसारखंच बसून नारळ खवायचं लाकडी साधन मिळतं, पुढे दातेरी पातं, मागे बसायला फळी. काजूही आहेत, सुंगटं म्हणजे कोळंबीही आहे. तूरडाळही नेऊ नका, आपल्या देशात येणारी बरीचशी तूर मोझांबिकहूनच येते, 2016 मध्ये दोन देशांचा तसा करारच झालाय. मोठ्या शहरांत भारतीय दुकानं आहेत, तिथे डाळ-मसाले मिळतात. मग न्यायचं काय तर सोलां (आमसुलं), तेफळां (तिरफळं), घरचा मसाला थोडा, सगळं नीट सील करून, कारण उघडं घरगुती पुडकं कस्टम्सवाल्याला समजावता समजावता नाकी नऊ येतात.

एक वस्तू मात्र काहीही झालं तरी घ्या, तीन लिटरचा प्रेशर कुकर, आणि त्याबरोबर दोन जास्तीच्या गॅस्केट, एक शिटी, एक सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथे पुष्कळ घरांत कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक चालतो, चवळी-राजमा त्यावर साध्या भांड्यात ठेवला तर दुपार जाते आणि कोळशाचा पैसाही जातो, कुकर असला की काम लवकर आटपतं. शेजारच्या बायका बघायला येतात, ओळख तिथूनच सुरू होते. पण गॅस्केट फाटली तर गावात कुठेच मिळायची नाही, म्हणून जास्तीच्या सांगितल्या.

विजेचं. तिथे 220 व्होल्ट, म्हणजे आपली उपकरणं चालतात. प्लग दोन-तीन प्रकारचे, त्यातला एक साउथ आफ्रिकेसारखा मोठ्या तीन गोल पिनांचा, आणि तो म्हणजे आपला गीझरचा पॉवर प्लगच. तेव्हा म्हापशाच्या किंवा मडगावच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातनं पॉवर प्लगची टॉप लावलेला एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड करून घ्या, एक बारीक गोल पिनांचा ॲडॉप्टर टाका, झालं. वीज पुष्कळ ठिकाणी प्रीपेड असते, क्रेदेलेक म्हणतात, पैसे भरले की 20 आकडी नंबर मिळतो तो मीटरवर दाबायचा. रात्री युनिट संपले तर अंधारात बसावं लागतं, म्हणून थोडा साठा आधीच भरून ठेवा. पैसे भरायला एम-पेसासारखं मोबाइल वॉलेट पहिल्याच आठवड्यात सुरू करा. कपाळावर बांधायची टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, टेस्टर, इन्सुलेशन टेप, नायलॉनची दोरी, दोन दणकट कुलपं, एवढं एका डब्यात. कपडे कमी केलेत तरी चालतील, हा डबा कमी करू नका.

घर लावताना आधी झोपायची जागा. मलेरिया तिथे फार आहे, मच्छरदाणी लागल्याशिवाय पहिली रात्रही काढू नका. औषध लावलेली जाळी तिथे मिळते पण पोचल्या दिवशी दुकान शोधत फिरणं होत नाही, म्हणून एक इथूनच न्या, हुक आणि दोरीसकट, आणि कडा गादीखाली खोचायच्या, नुसत्या सोडायच्या नाहीत. मलेरियाच्या गोळ्यांचं जायच्या आधी डॉक्टरांशी बोला. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, उद्या बघू म्हणायचं नाही. गोव्यात परतल्यावर महिन्यांनी ताप आला तरी मोझांबिकला होते हे डॉक्टरला आपणहून सांगा.

मग पाणी. कँडल फिल्टर किंवा उकळणं, आणि साठवायला झाकणाच्या दोन बादल्या. क्लोरीनच्या छोट्या बाटल्या तिथे मिळतात.

कपड्यांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. बाहेर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि ते कपडे तसेच अंगावर घातले की अळी कातडीत शिरते, गळवासारखं होतं. उपाय सोपा आहे, कडक इस्त्री, दोन्ही बाजूंनी, शिवणी आणि इलास्टिकच्या जागा धरून, अंतर्वस्त्रं आणि टॉवेलसुद्धा. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री बाजारात मिळते.

चादरी, पडदे, टेबलक्लॉथ यातलं काहीच नेऊ नका. तिथे कापुलाना नावाचं रंगीत सुती कापड मिळतं, तेच खिडकीला, तेच पलंगावर, तेच कमरेला. पलंग-टेबल गावातल्या सुताराकडून करून घ्या, थोडे दिवस लागतील तोवर चटई पुरते.

पावसाचं गणित उलटं आहे हे लक्षात ठेवा. आपल्याकडे गणपतीची चवथ झाली की पाऊस ओसरायला लागतो, तिकडे साधारण दिवाळीच्या सुमाराला सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो, आणि त्यातच चक्रीवादळं. मार्च 2019 मध्ये इदाई वादळानं बेइरा शहराची वाट लावली होती. किनाऱ्यावर असाल तर छप्पर आणि खिडक्या पावसाआधीच बघून घ्या, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, थोडं कोरडं खाणं आणि भरलेली पॉवर बँक हाताशी. लिशिंगासारख्या उंचावरच्या गावी पोस्टिंग असेल तर जून-जुलैला स्वेटर लागतोच, गोव्याच्या हिशोबानं गेलात तर कुडकुडाल.

भाषा जायच्या आधीच थोडी शिका. कारभार सगळा पोर्तुगीजमध्ये, इंग्लिश ऑफिसाबाहेर फारसं चालत नाही. पणजीत फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज संस्थेकडे पोर्तुगीजचे वर्ग असतात, आणि घरात कोणी आजी-आजोबा पोर्तुगीज बोलणारे असतील तर रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. बाजारातले आकडे, ताप-दुखणं सांगायची वाक्यं आणि घरमालकाशी बोलायचं, एवढं आधी पाठ करा, बाकीचं शेजारी शिकवतील.