सदोष माल परत करताना कुरिअरचे पैसे तुमच्या खिशातून जातात? या चुका टाळा

मिक्सरचं भांडं तडकलेलं येतं, साडीला भोक निघतं, चार्जर चालूच होत नाही. यात घेणाऱ्याचा काडीचाही दोष नसतो, तरी परतीचं कुरिअर बरेचदा तोच भरतो आणि ते पैसे पुन्हा हाती येत नाहीत. हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येतं.

घाईत चुकीचं कारण निवडणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. रिटर्न टाकताना अ‍ॅप कारण विचारतं आणि बोट 'आवडलं नाही'वर किंवा 'आता गरज नाही'वर पडतं. झालं! सदोष मालाची तक्रार नोंदीत 'ग्राहकाचं मन बदललं' अशी उतरते. मन बदललं तर पिकअपचा खर्च ग्राहकाने द्यायचा, अशी अट अनेक विक्रेते घालतात आणि ती बेकायदा नाही. म्हणून 'सदोष', 'तुटलेलं' किंवा 'वेगळीच वस्तू आली' यांतलं खरं कारण निवडा आणि फोटो जोडा. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तमच. त्यात पत्त्याचं लेबल दिसलं पाहिजे.

न विचारता पार्सल पाठवून देणं

ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम 2020 सालचे आहेत. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. परतीच्या पाठवणीचा खर्च काय, हेही त्याने आधीच स्पष्ट सांगायचं असतं. मात्र सदोष मालाचा हा खर्च विक्रेत्यानेच सोसावा, असं थेट वाक्य या नियमांत नाही. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात ते आहे. आपल्याकडेही ते असायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. तोवर ही फट आपणच लेखी बंद करायची. पार्सल पाठवण्याआधी एवढा ईमेल करा: 'भांडं तडकलेलं आलं आहे, फोटो जोडले आहेत. पिकअप पाठवा. पिकअप होत नसेल तर मी स्पीड पोस्टने पाठवते, तो खर्च रिफंडसोबत द्याल हे लेखी कळवा.' होकार आला की मगच पोस्टात जा. पावती जपा, तिच्यावर वजन आणि रक्कम दोन्ही असतात.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतल्या आडगावांना हे जास्त लागू पडतं. माल घरपोच येतो, पण परत न्यायला कुणी येत नाही; 'तुमच्या पिनकोडवर पिकअप नाही' असं उत्तर मिळतं. तिथे हा ईमेल चुकवूच नका.

'पैसे तिकडेच घ्या' म्हणून टू-पे पार्सल पाठवू नका. समोरच्याने ते घेतलं नाही तर दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्या गळ्यात पडू शकतं.

'नो रिटर्न' वाचून गप्प बसणं

इन्स्टाग्रामवर कपडे, दागिने विकणारे ही ओळ सर्रास टाकतात. सदोष मालापुढे ती टिकत नाही. असा माल परत न घेणं आणि बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत, पैसे न देणं याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हटलं आहे.

गुगलवर मिळालेल्या नंबरला फोन लावणं

इथे कुरिअरच्या खर्चापुरतं भागत नाही, खातंच रिकामं होऊ शकतं. खोटा कस्टमर केअर 'पिकअप चार्ज फक्त 5 रुपये' म्हणत लिंक पाठवतो. रिफंड घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. नंबर अ‍ॅपमधूनच घ्या. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

पहिल्या नकारावर सोडून देणं

चॅटवरचा प्रतिनिधी 'शक्य नाही' म्हणाला, तरी वर कंपनीचाच तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. मागणी लिहिताना वस्तूच्या किमतीखाली कुरिअरची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा आणि पावतीची प्रत जोडा.