कार्ट्रिज घेण्याआधी टोनआर्मकडे बघा

रेकॉर्ड प्लेअरसाठी "कोणतं कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी टोनआर्म, म्हणजे ते कार्ट्रिज रेकॉर्डवर धरणारा हात, कोणता आहे ते विचारतो. किंमत आणि परीक्षणं नंतर. चांगलं कार्ट्रिज न जुळणाऱ्या आर्मवर लावलं तर बेसुरं वाटू शकतं, आणि साधंसं कार्ट्रिज योग्य आर्मवर मनापासून गातं. हे जुळतंय की नाही, ते विकत घेण्याआधी कागदावर तपासता येतं.

सुई ज्या बारीक दांडीच्या टोकाला असते, ती दांडी रबराच्या गादीत बसवलेली असते. ही गादी स्प्रिंगचं काम करते. ती किती सहज दबते याचं माप म्हणजे कंप्लायन्स. या स्प्रिंगवर आर्म आणि कार्ट्रिज यांचं वस्तुमान लटकलेलं असतं, म्हणून दोघांची मिळून एक स्वतःची कंपनसंख्या ठरते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी. रेकॉर्डला आलेल्या लाटा साधारण ६ हर्ट्झच्या खाली असतात आणि संगीत २० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. आपल्याला या दोघांच्या मधली मोकळी जागा हवी.

हिशोब असा: आर्मचं प्रभावी वस्तुमान, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू-नटांचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा, आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं.

प्रभावी वस्तुमान म्हणजे आर्म वजनकाट्यावर ठेवून मिळणारा आकडा नव्हे. पिव्होटपासून, म्हणजे आर्म ज्या बिंदूभोवती फिरतो तिथून, जितकं लांब, तितका प्रत्येक ग्रॅमचा परिणाम जास्त. मागचं जाडजूड वजन पिव्होटच्या जवळ असतं, त्यामुळे त्याचा वाटा कमी. उलट हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज ज्यावर स्क्रूने बसवतात तो तुकडा, टोकाला असतं, म्हणून तिथे वाढवलेला एक ग्रॅम जवळजवळ पूर्ण एक ग्रॅम धरायचा. हा आकडा आर्मच्या माहितीपत्रकात मिळतो.

टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ या टर्नटेबलचं उदाहरण घेऊ. मूळच्या साडेसात ग्रॅमच्या हेडशेलसह त्याच्या आर्मचं प्रभावी वस्तुमान १२ ग्रॅम. त्यावर ऑर्टोफोन २एम रेड हे कार्ट्रिज लावलं, वजन ७.२ ग्रॅम, कंप्लायन्स २०. स्क्रूंचा अर्धा ग्रॅम धरून एकूण १९.७. वीसने गुणून वर्गमूळ काढलं की १९.८ च्या आसपास येतं, आणि उत्तर साधारण ८ हर्ट्झ. चालतं, पण काठावर आहे. इथे जड हेडशेल लावायचा मोह टाळा.

त्याच आर्मवर ६ ग्रॅमचं, पण ३० कंप्लायन्सचं मऊ कार्ट्रिज लावलं तर आकडा ६.७ वर घसरतो. वाकलेल्या रेकॉर्डवर ते नाचणारच. अशा कार्ट्रिजला ६-७ ग्रॅम वस्तुमानाचा हलका आर्म हवा. तिथे तेच ८ वर येतं.

आता डेनॉन डीएल-१०३. हे कार्ट्रिज १९६० च्या दशकात जपानी प्रसारणासाठी बनलं आणि अजून मिळतं. वजन ८.५ ग्रॅम, कंप्लायन्स ५. त्याच टेक्निक्स आर्मसाठी हा ५ तसाच सूत्रात घातला तर १५.५ हर्ट्झ येतात आणि माणूस घाबरून नाद सोडतो. पण जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झला मोजतात, आपल्याला तो १० हर्ट्झचा हवा. त्यासाठी ढोबळमानाने दीडपट ते दुप्पट करावी लागते. ९ धरला तर उत्तर साडेअकरा, म्हणजे छान. माहितीपत्रकात फक्त 'स्टॅटिक' (कंपन नसताना मोजलेला) कंप्लायन्स दिला असेल तर तो जवळपास निम्मा करून घ्या. माझ्या मते बहुतेक चुकीच्या जोड्या इथेच जमतात, आकडा कुठे मोजलाय ते न बघितल्यामुळे.

हलक्या आर्मवर डीएल-१०३ लावायचंच असेल तर हेडशेल आणि कार्ट्रिजच्या मध्ये ३-४ ग्रॅमची पितळी पट्टी घाला. साडेसहा ग्रॅमच्या आर्मवर १३.५ असलेला आकडा तेवढ्याने १२ वर येतो. मात्र मागचं वजन हा वाढीव भार तोलू शकतं का, ते आधी बघा. एसएल-१२०० ला १० ग्रॅमपेक्षा जड कार्ट्रिजसाठी मागे जोडायचं वेगळं वजन लागतं.

कागदावर जमलं की कान आणि डोळे. थोडी वाकलेली रेकॉर्ड लावा, आपल्याकडच्या जुन्या एचएमव्ही एलपींमध्ये अशी सहज सापडते. डोळे तबकडीच्या पातळीवर आणून बाजूने बघा. लाट आली की आर्म आणि कार्ट्रिज एकत्र वर-खाली व्हायला हवेत, कार्ट्रिजचा तळ आणि रेकॉर्ड यांमधलं अंतर तेवढंच राहायला हवं. ते अंतर मिटत-उघडत असेल तर जोडी जमलेली नाही. लोखंडी जाळी काढून स्पीकरच्या वूफरकडेही (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याकडे) बघा. संगीत नसतानाही तो सावकाश आत-बाहेर करत असेल तर कारण बहुधा हेच.

मग विलंबित ख्याल लावा, आणि गायकाआधी तानपुरा ऐका. षड्ज एकाच जागी स्थिर राहतो का? लाटेबरोबर तो हलकेच डोलत असेल तर सुई खोबणीत मागे-पुढे सरकतेय. पियानो आणि तानपुरा ही बाब जितकी उघड दाखवतात तितकी ढोल-ताशांची रेकॉर्ड कधीच दाखवणार नाही.

शेवटी बेअरिंग, म्हणजे पिव्होटपाशी आर्म ज्यावर फिरतो तो सांधा. डीएल-१०३ सारखं ताठ कार्ट्रिज आपली बरीचशी कंपनं आर्ममध्ये ढकलतं, त्यामुळे जुना आर्म घेताना हे तपासाच. सुईला संरक्षक टोपी लावा, हेडशेल दोन बोटांत अलगद धरा आणि पुढे-मागे हलवा. पिव्होटपाशी किंचितही खुळखुळ जाणवली तर नवीन कार्ट्रिजचा खर्च थांबवून आधी बेअरिंग दुरुस्त करून घ्या. आर्म उचलून आडवा सोडला तर तो कुठेही न अडकता, सावकाश सरकायला हवा.