मोठी गाडी घेताय? आधी तिला एक रात्र थंड होऊ द्या

द्राक्षाचे पैसे सुटले की मार्च-एप्रिलात मला फोन सुरू होतात. "दादा, पुण्यात एक जर्मन सातसीटर आहे, नव्या फॉर्च्युनरपेक्षा स्वस्तात देतोय. रविवारी येताय का बघायला?" मी म्हणतो, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी अशी दोनदा बघायची असेल तर येतो, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. निम्मे लोक तिथंच गार पडतात. माझा धंदा हळदीचा. पाव्हण्यारावळ्यांसाठी गाड्या बघणं हे पंधरा वर्षांचं व्यसन, आणि त्यात एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. हा लेख त्या आपटण्यातून आलाय.

बजेट, विम्याचा हप्ता, घरच्यांची संमती हे तुम्ही घरी बसून उरकलं असेल असं धरतो. पार्किंग मात्र टेप घेऊन मोजा. मर्सिडीजची जीएलएस ५.२ मीटर, म्हणजे सतरा फुटांच्या वर. सांगलीच्या गावभागातल्या बऱ्याच पोर्चमध्ये तिचं शेपूट गटारीवर राहतं.

कागद

गाडी बघायला जाण्याआधी नंबरवरून एम-परिवहन या सरकारी ॲपवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडचा इतिहास मागा. विकणारा चासी नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर पेट्रोल वाचवा, जाऊ नका.

परराज्यातली गाडी असेल तर आणखी सावध. आपल्या विटा-खानापूर भागातली गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी देशभर पसरली आहेत. यात्रेला गावात उतरली की तिथं निम्म्या हिंदुस्थानच्या नंबर प्लेटा दिसतात, त्यामुळे आपल्याला परराज्याची गाडी परकी वाटत नाही. पण १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर मूळ आरटीओचं ना हरकत पत्र (एनओसी) आणून नोंदणी बदलावी लागते आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, माफ होत नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत बंदी घालणारा हरित लवादाचा २०१५ चा आदेश आला तेव्हापासून दिल्लीच्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. "दिल्लीची आहे म्हणून स्वस्त" हे खरं असतं, पण कर, एजंट आणि हेलपाटे मिळवून हिशेब केला की स्वस्ताई बरीच आटते.

पुरातली गाडी

सांगलीकराला पाण्याचं काय सांगायचं! २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. म्हणून लोक विकणाऱ्याला विचारतात, "गाडी मारुती चौकात तर नव्हती ना?" हा प्रश्नच चुकीचा. सांगलीत बुडालेली गाडी सांगलीत कोण विकेल? विमा कंपनीनं टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडची) ठरवलेली गाडी लिलावात जाते, दुसऱ्या गावात नटते आणि तिसऱ्या गावात विकली जाते. तसंच २०१५ चं चेन्नई किंवा २०१८ चं केरळ तुमच्या दारात येऊन उभं राहू शकतं.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी तिसऱ्या रांगेतलासुद्धा. पॉलिश करणारा सगळं धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचं शेवटचं टोक विसरतो, आणि तिथं गढूळ पाण्याची रेघ राहते. मग पुढची सीट मागे सारून रुळाचे बोल्ट गंजलेत का बघा. अनेक जर्मन गाड्यांत बॅटरी किंवा कंट्रोल युनिट सीटखाली, गालिच्याखाली असतात. तिथल्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला की विषय संपला. नुसता गालिचा ओला असेल तर लगेच पळू नका. सनरूफच्या पाण्याच्या नळ्या पाल्यापाचोळ्यानं तुंबल्या तरी पाणी आत उतरतं, आणि ते दुरुस्त होतं.

विम्याच्या जुन्या पॉलिसीही मागून घ्या. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस वर्षाला वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. त्याच मालकाच्या नावावर तो वाढत आला आणि एका वर्षी एकदम शून्य झाला, तर त्या वर्षी काय झालं ते विचारा. मालक बदलला तेव्हा शून्य झाला असेल तर त्याला अर्थ नाही, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो.

एअर सस्पेन्शन

आता मी जिथं आपटलो ते.

तासगावच्या मेहुण्यासाठी सात सीटची जर्मन गाडी बघितली होती. पुण्याला गेलो तेव्हा विकणाऱ्यानं गाडी सोसायटीबाहेर काढून, एसी लावून, चालू ठेवली होती. "साहेब उन्हातनं आलाय, बसा की आत." मला वाटलं, काय सभ्य माणूस! गाडी लोण्यासारखी पळाली. मी छातीठोकपणे सांगितलं, घ्या. रात्री तासगावात पूजा झाली, पेढे वाटले. सकाळी सहाला मेहुण्याचा फोन : "भावजी, गाडी बसलीय." मला वाटलं बॅटरी बसली. जाऊन बघतो तर पुढचा डावा कोपरा म्हैस बसावी तसा खाली, टायर मडगार्डच्या आत. स्प्रिंगच्या जागचा हवेचा फुगा फाटलेला, आणि फुटक्या फुग्यात हवा भरून भरून कॉम्प्रेसरही मेलेला. बिल लाखाच्या पुढे गेलं. मेहुण्यानं एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागलं.

या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे असतात. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर उंची मोजतो. रबराची घडी वर्षानुवर्षं दुमडते, त्यात माती बसते, बारीक चिरा पडतात. हवा आधी इतकी हळू गळते की गाडी चालू असताना कॉम्प्रेसर ती गुपचूप भरून काढतो. म्हणून चालू गाडीत, तापल्या गाडीत हा दोष दिसतच नाही. दिसतो तो रात्रभर उभी राहिल्यावर. "टेस्ट ड्राइव्हमध्ये सगळं कळतं" असं सांगणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

संध्याकाळी सपाट जागी, सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर ठेवून गाडी उभी करायला सांगा. शिंप्याची टेप घ्या. चाकाच्या मधोमधच्या झाकणापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांना. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि फरशीचा उतार आकड्यात घुसतो. चार आकडे वहीत लिहा. टायरवर आणि त्याखालच्या फरशीवर खडूची एक सलग रेघ मारा, म्हणजे रात्रीत गाडी हलली तर कळेल. विकणारा हसेल, हसू द्या.

सकाळी सातच्या आत परत जा. आधी बॉनेटला हात लावा, कोमट असेल तर घरी जा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार उघडायच्या आधी मोजा. बऱ्याच गाड्यांत दार उघडलं की सिस्टीम जागी होते आणि उंची सारखी करायला लागते. एकदा मिरजेत मी वाकून टेप लावतोय तोवर मालकानं आदरातिथ्य म्हणून दार उघडलं. फुस्स आवाज आला, पाठोपाठ कॉम्प्रेसर घरघरला, आणि माझी सगळी रात्र वाया.

शेवटच्या गाडीची माझी नोंद (सेंटीमीटरमध्ये) अशी : पुढे डावीकडे ४६.५ ची सकाळी ४६, उजवीकडे ४६.५ ची ४६.५, मागे डावीकडे ४७ ची ४६.५, मागे उजवीकडे ४७ ची ४३.५. थंडीत हवा आक्रसते, तेव्हा अर्धा-एक सेंटीमीटर मी सोडून देतो. दोनच्या वर गेलं की फुगा, पाइप किंवा फुग्यांना हवा वाटणारा वॉल्व्ह ब्लॉक यातलं काहीतरी गळतंय. तो मागचा उजवा कोपरा दाखवल्यावर मालकानं किंमत खाली आणली, तरी आम्ही घेतली नाही.

इथं एक फसगत आहे. काही गाड्या उभ्या असताना अधूनमधून जाग्या होतात आणि गळणाऱ्या कोपऱ्याशी बाकीचे तीन जुळवून घेतात. सकाळी गाडी अगदी समतल दिसते, फक्त सगळीच खाली आलेली असते. नुसत्या डोळ्यांनी बघणारा इथं हमखास फसतो. म्हणून चारी कोपरे एकमेकांशी नव्हे, कालच्या आकड्यांशी ताडून बघा. उलट, काही गाड्या चढ-उतर सोपी व्हावी म्हणून बंद केल्यावर मुद्दाम खाली येतात. तसा पर्याय चालू असेल तर आदल्या संध्याकाळी बंद करा.

मोजून झालं की गाडी चालू करून सर्वांत वरच्या उंचीवर न्या, खाली आणा, परत वर न्या. पहिल्यांदा साठलेल्या हवेवर ती पटकन उचलते. कॉम्प्रेसरचा खरा दम दुसऱ्या वेळेला कळतो. दुसऱ्यांदा रखडत असेल तर त्याचे दिवस भरलेत. चार-पाच वेळा मात्र करू नका, तापला की तो स्वतःला बंद करतो आणि चांगल्या कॉम्प्रेसरवर उगाच आळ येतो. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चनं फुग्याची घडी बघा आणि साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले की गळती कळायला मेकॅनिकची गरज नाही.

फुगे काढून लोखंडी स्प्रिंग बसवलेली गाडीही भेटेल. "एकदाची कटकट मिटवली साहेब!" मी अशी गाडी घेत नाही, कुणाला घेऊही देत नाही. गाडीचा तोल सांभाळणारं सगळं गणित फुग्यांवर बेतलेलं असतं. आणि ज्यानं इथं पैसे वाचवले त्यानं आणखी कुठं वाचवले असतील, ते शोधत बसायचं काम आपलं नाही. ज्यांना हे सगळं ऐकूनच घाम फुटला त्यांनी टोयोटाची लँड क्रूझर ३०० बघावी, तिला साध्या कॉइल स्प्रिंग आहेत. भाव मात्र जुन्या गाडीलाही उतरत नाही.

बाकीचं

थंड गाडी पहिल्यांदा चालू होताना धूर आणि आवाज बघा. टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाचा स्वभाव कळला. तिसऱ्या रांगेत स्वतः बसून एसी लावा.

शंभर फुटी रस्त्यावर पळवून गिअरबॉक्स कळत नाही. सहा माणसं भरून दंडोबाची चढण चढा, अर्ध्यात थांबा, परत उचला. झटका, उशीर, घसरल्यासारखं काहीही नको. "गिअरचं ऑइल लाइफटाइम आहे" हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. यातल्या कित्येक गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असतो आणि ती कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून कापा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या चुका वाचणारा स्कॅनर लावायचा तर त्या कंपनीच्या गाड्या करणाऱ्याकडून लावा. बाजारातलं स्वस्त ब्लूटूथचं यंत्र सस्पेन्शनपर्यंत सहसा पोचत नाही. पण एक गोष्ट तेही दाखवतं : गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कुणीतरी हल्लीच चुकांची यादी पुसलीय किंवा बॅटरी काढलीय.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला सलग लांब धाव लागते. विश्रामबाग ते मार्केट यार्ड एवढीच तुमची धाव असेल तर पेट्रोल घ्या. पुढे वादच नाही.

नवी कोरी घेताना यातलं फार काही लागत नाही. बनल्याचा महिना बघा, टायरची तारीख बघा, आणि गोडाऊनला सहा-आठ महिने उभी असेल तर बॅटरी तपासून मागा. नंबर पडायच्या आधी, नंतर कुणी ऐकत नाही.

व्यवहार

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. जुना फास्टॅग विकणाऱ्याला तुमच्यासमोर बंद करायला लावा. एकानं तो तसाच ठेवला, आणि तासवडे टोलनाक्यावर पैसे जुन्या मालकाचे कापले जात राहिले. महिन्यानं त्याचा शिव्यांचा फोन आला तो मला. आणि दोन्ही चाव्या मागा. "दुसरी गावाकडं राहिलीय" म्हणाला तर नव्या चावीचा भाव सर्व्हिस सेंटरला फोन करून त्याच्यासमोरच विचारा.