घरच्या स्टिरिओला इक्वलायझर लावताय? या चुका टाळा

इक्वलायझर म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर पट्ट्यापट्ट्याने कमी-जास्त करणारं साधन. तो हाती आला की बहुतेकांचा हात आधी दोन्ही टोकांच्या स्लायडरकडे जातो. बास (जाड सूर) वर, ट्रेबल (बारीक सूर) वर, मधले सगळे खाली. पहिलं गाणं दणदणीत वाटतं. तिसऱ्या गाण्यापर्यंत कान शिणतात आणि गाणारा शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखा वाटतो. गाण्यातले शब्द आपल्याला कळतात ते मुख्यतः ३०० ते ३,००० हर्ट्‌झच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) पट्ट्यात, आणि आपण नेमका तोच दाबलेला असतो.

पण कुठलाही स्लायडर हलवण्याआधी स्पीकरच्या मागे बघा. एकाच स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडली गेली असेल, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि बास तिथल्या तिथे मरतो. ही चूक फार घरांत सापडते. वायर सुलट केली की निम्म्या तक्रारी संपतात.

दुसरी गोष्ट खोलीची, आणि हिच्याकडे कुणी लक्षच देत नाही. माझा हॉल बारा फूट लांब. एवढ्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्‌झ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ९४ च्या आसपासचे सूर भिंतींमध्ये अडकून घुमतात. भिंतीपाशी ते सर्वांत जास्त ऐकू येतात, आणि आपल्याकडे सोफा भिंतीलाच टेकलेला असतो! माझ्याकडे डग्ग्याची प्रत्येक मींड गोणी आपटल्यासारखी यायची. सोफा हातभर पुढे ओढला, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले, तेव्हा कुठे डग्गा बोलायला लागला. उलट, खोलीच्या बरोबर मध्यात बसलात तर तो ४७ चा सूर जवळपास नाहीसा होतो. तिथे स्लायडर कितीही चढवा, उपयोग नाही. लाटा एकमेकींना खातातच. खुर्ची हलवा.

काही कमी वाटलं की वाढवायचं, ही सवयही सोडा. ३ डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यापुरती अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते, १० वाढवले की दहापट. मग आवाज फाटतो, आणि असंच चालू ठेवलं तर बहुधा ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जळतो. जे खुपतंय ते २-३ डेसिबल उतरवा आणि एकूण आवाज जरा वाढवा. मोबाइलच्या ॲपमध्ये एखादा पट्टा ४ ने वाढवलाच, तर प्रीअ‍ॅम्प, म्हणजे ॲपमधली एकूण आवाजाची पातळी, ४ ने खाली घ्या.

फोन, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर या तिन्हींत इक्वलायझर असतो. दोन ठिकाणचे बंद करा. लाउडनेसचं बटणही बघा. ते बास-ट्रेबल चढवतं, हळू आवाजात ऐकण्यासाठी असतं, मोठ्या आवाजात नुसता धुरळा.

आधीचं चांगलं की नंतरचं, हे ठरवताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जे जरासं मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, इथे जाणकारही फसतात. तुमच्या अगदी ओळखीचं एकच रेकॉर्डिंग लावा, एक पट्टा हलवा, बायपास करून, म्हणजे इक्वलायझर तात्पुरता बाजूला ठेवून, पुन्हा ऐका.

माझे आज दहापैकी दोनच स्लायडर शून्यावरून हललेले आहेत. उरलेल्या घुमण्यासाठी १२५ हर्ट्‌झचा तीन डेसिबल खाली, आणि उघड्या फरशीमुळे ‘स’ टोचायचा म्हणून ८,००० चा दोन खाली. सतरंजी अंथरल्यावर हा दुसराही शून्यावर आणता येतो का, ते बघणार आहे.