नवा फ्लो सायटोमीटर घेताय? या चुका टाळा

फ्लो सायटोमीटर म्हणजे रंगवलेल्या पेशी लेझरसमोरून एकेक करून नेऊन त्यांचा प्रकाश मोजणारं मशीन. नवं यायच्या आदल्या दिवशी आम्ही जुनं, फॅक्सकॅलिबर नावाचं, उचलून गोदामात टाकलं. खोली एक, एसी एक, दुसरं करणार काय? त्या वेळी एका विद्यार्थिनीचे निम्मे नमुने जुन्या मशीनवर होऊन गेले होते. उरलेले तिने नव्यावर केले आणि दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मांडायला बसली. ते बसेनात. बसणारच नव्हते. जुन्यात सिग्नलची विभागणी १,०२४ चॅनलमध्ये, म्हणजे कप्प्यांत, व्हायची, नव्या डिजिटल मशीनमध्ये ती २,६२,१४४ पर्यंत जाते. डिटेक्टर वेगळे, फिल्टर वेगळे. जुन्यावरचे ४०० म्हणजे नव्यावरचे किती, याला थेट उत्तर नाही.

म्हणून निदान महिनाभर दोन्ही मशीन शेजारी चालवा. एकाच नळीतले स्टेन केलेले नमुने आणि आठ पीकचे रेनबो बीड्स (ठरलेल्या आठ तीव्रतांनी चमकणारे सूक्ष्म मणी) दोन्हींवर लागोपाठ चालवून फाइली जपून ठेवा. टक्केवारी, समजा सीडी४ पेशी किती, सहसा जुळते. तीव्रता, म्हणजे पेशी किती चमकते ते, जुळत नाही. जी पीएचडी ज्या मशीनवर सुरू झाली ती शक्यतो त्यावरच संपू द्या. विभागात जागेसाठी भांडायचंच असेल तर ते याच महिन्यासाठी भांडा.

जुन्या मशीनचा कॉम्प्युटर तर सगळेच विसरतात. आमचा मॅक ओएस ९ वर चालायचा. फाइलींची नावं 'डेटा.००१', 'डेटा.००२', कोणता नमुना कोणाचा, ते फक्त वहीत. एफसीएस फाइली (सायटोमीटरच्या डेटाचा ठरलेला प्रकार) आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण त्या जुन्या प्रोग्राममध्ये आखलेली गेट्स (हव्या त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या सीमा) सोबत येत नाहीत. मशीन हलवण्याआधी फाइली दोन ठिकाणी उतरवा आणि वहीची पानंही स्कॅन करा.

खरेदी समितीत पहिला प्रश्न येतो, "किती रंग?", म्हणजे एका वेळी किती चमकणारे रंग मोजता येतील. तो बाजूला ठेवा आणि मागच्या वर्षीचं बुकिंग रजिस्टर उघडा. आमच्याकडे बहुतेक काम अ‍ॅनेक्सिन-पीआय (मरणाऱ्या पेशी ओळखणं; पीआय म्हणजे मेलेल्या पेशींत शिरून डीएनएला चिकटणारा लाल रंग), सेल सायकल (पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यात आहेत) आणि जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं. त्याला ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पुरतो. पण एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन वापरणारे चार जण असतील तर ४८८ वर ते रडणार, त्यांना ५६१ चा हवा. "लेझर नंतर बसवून देऊ" हे आश्वासन काही मॉडेलमध्ये खरं असतं, काहींत नसतं, लेखी घ्या. वॉरंटीनंतरच्या सीएमसीचे (सर्वसमावेशक देखभाल कराराचे) दरही निविदेतच मागवा. मार्चएंडच्या घाईत ही ओळ गळाली, तर पुढे एका लेझरसाठी मशीन महिनोन्‌महिने झाकून ठेवावं लागतं.

मशीन लागलं की तक्रारी सुरू होतात. "कॉम्पेन्सेशन बिघडलंय" ही पहिली. (एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडतो, तो वजा करणं म्हणजे कॉम्पेन्सेशन.) बहुतेक वेळा कोणीतरी जुन्या मशीनचे आकडे नव्यात टाइप केलेले असतात. तसं चालत नाही. प्रत्येक रंगाचा एकेरी स्टेन केलेला कंट्रोल त्याच मशीनवर, डिटेक्टरच्या त्याच व्होल्टेजला पुन्हा करायचा.

दुसरी तक्रार, "सेल सायकलची पीक्स एकमेकांत घुसली." आधी स्केल बघा. नवी सॉफ्टवेअर अनेकदा लॉग स्केलवर उघडतात. पीआयसाठी लिनिअर हवं. व्होल्टेज हलवून जी१ चं (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या पेशींचं) पीक ५०,००० च्या आसपास आणा, मग जी२/एम (डीएनए दुप्पट झालेल्या पेशी) एक लाखाजवळ दिसायला हवं. दिसलं नाही तर आरएनेज (पीआय आरएनएलाही चिकटतो, तो आरएनए तोडणारं एन्झाइम) घातलं होतं का, ते विचारा. जोडीने चिकटलेल्या जी१ पेशीही नेमक्या त्याच एक लाखावर येऊन बसतात, म्हणून एरिया-विड्थच्या प्लॉटवर डब्लेट (अशा जोड्या) वगळल्याशिवाय आकडा लिहू नका.

इव्हेंट्स (मोजलेल्या पेशी) मध्येच कमी झाले तर टाइमचा प्लॉट काढा. रेघ तुटलेली दिसली की नळीत पेशींची गाठ किंवा बुडबुडा आहे असं समजा. नमुना ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घ्यायला दोन मिनिटं लागतात. अडकलेली फ्लो सेल (पेशी लेझरसमोरून जातात ती अरुंद नळी) सोडवायला सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघावी लागते.

आणि पीआय मशीनच्या नळीला चिकटतो. पुढच्याच्या नमुन्यात मेलेल्या पेशी अचानक वाढल्या, तर आधी मागच्या नोंदीकडे बघा. पीआयनंतर पाच मिनिटं १० टक्के ब्लीच, मग पाच मिनिटं डिस्टिल्ड वॉटर. आमच्या रजिस्टरमध्ये आता 'पीआय वापरला का?' असा एक रकाना आहे, लाल पेनने आखलेला.