जैसलमेरला मुक्काम ठोकून निवांत वाळवंट कसं बघायचं आणि काय काय खायचं

रिटायर झाल्यावर राजस्थान करायचं म्हटलं की बहुतेक जण टूर कंपनीची आठ शहरांची यादी घेतात आणि जैसलमेरच्या वाट्याला येते एक रात्र, त्यातही संध्याकाळी उंटावर बसवून आणतात नि सकाळी बॅगा उचलायला लावतात. आमचं म्हणणं असं की साठीनंतर वाळवंट बघायचं तर एका गावात आठवडाभर खोली घ्या, रोज एकच दिशा धरा, आणि जेवणाच्या वेळा आधी ठरवून मग बाकीचं त्यात बसवा. आम्ही दोघं असंच फिरतो, ह्यांचे गुडघे आणि माझं बीपी दोन्ही सांभाळून, आणि त्यात बघायचं काही राहून गेलं असं वाटत नाही.

आधी कधी जायचं ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बास. मार्चच्या मध्यापासून दुपारी बाहेर पडवत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपार छान उबदार पण रात्री पारा सात-आठ अंशांवर किंवा त्याच्याही खाली जातो, म्हणून स्वेटर, कानटोपी, पायमोजे न्यायचेच. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे सूर्य गेला की वाळू भराभर गार पडते आणि पुण्याच्या थंडीची सवय इथे कामाला येत नाही. माघी पौर्णिमेच्या सुमाराला तिथे मरु महोत्सव असतो, गर्दी आवडत असेल तर तेव्हा जा, निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा, खोल्यांचे दर पण चढलेले असतात.

मुंबईहून आठवड्यातून एकदा थेट गाडी असते, ती जमली नाही तर जोधपूरपर्यंत या, तिथे एक रात्र आराम करा आणि पुढचे जवळपास २८० किलोमीटर सकाळच्या गाडीने किंवा टॅक्सीने. एका दमात सगळं करायचा अट्टहास नको.

खोली किल्ल्यात घेऊ नका, खाली गावात घ्या. ११५६ मध्ये रावळ जैसलने बांधलेला हा किल्ला, आत अजून माणसं राहतात, मुलं शाळेत जातात, हेच त्याचं वैशिष्ट्य, पण आतल्या वाढलेल्या पाणीवापरामुळे सांडपाणी पायथ्यात मुरतं आणि बुरुज खचतात, त्यात आपली भर कशाला. शिवाय चढ आणि दगडी फरशी, रोज दोनदा चढउतार झेपत नाही. खाली तळमजल्यावरची खोली मागा, गच्ची असलेलं घर बघा, सकाळी चहा घेऊन वर बसलात की पिवळ्या दगडावर ऊन चढताना समोर दिसतं. हिवाळ्यात सूर्योदयच सव्वासात-साडेसातला, त्यामुळे पहाटे उठायची अजिबात गरज नाही, आपल्या वयाला हे फार सोयीचं.

पहिला दिवस गावातच काढा. सकाळी गडीसर तलाव, मग रिक्षाने किल्ल्याच्या दारापर्यंत, आतली जैन मंदिरं आधी बघा कारण बाहेरच्यांना साधारण सकाळीच सोडतात, जेवून जाऊ म्हटलं तर दार बंद. चामड्याचा पट्टा, पर्स काहीही आत चालत नाही, खोलीवरच ठेवून निघा. पटव्यांची हवेली दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा, जिने अरुंद आणि पायऱ्या उंच आहेत, आणि खरं सौंदर्य म्हणजे त्या दगडी झरोक्यांची जाळी, ती समोरच्या गल्लीत उभं राहूनही पोटभर बघता येते.

आता बाहेरच्या सहली. मी क्रम सोपी ते लांब असा सांगते.

लोद्रवा साधारण १५-१६ किलोमीटर, भाटी राजांची जैसलमेरच्या आधीची राजधानी, आता उरलंय ते पार्श्वनाथाचं देखणं मंदिर. वाटेत अमरसागर, आणि परत येताना थोडी वाट वाकडी करून बडा बाग, तिथल्या राजघराण्याच्या स्मारकांच्या छत्र्या बघा. नाश्ता करून निघालात तर दीडपर्यंत जेवायला परत. दुपारी झोपा, मगच संध्याकाळी उतरत्या उन्हात बडा बाग केलंत तरी चालेल, जेमतेम सहा किलोमीटर तर आहे.

कुलधरा आणि खाभा हा माझा आवडता दिवस. कुलधरा म्हणजे पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेलं गाव, तिथे गेलं की जो तो भुताच्या गोष्टी सांगतो. तुम्ही ड्रायव्हरला सांगा, खडीन दाखव. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी खाली सखल जमिनीत मातीचा लांब बांध घालून अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर रब्बीत गहू आणि हरभरा घ्यायचा. वर्षाला जेमतेम १५-२० सेंटीमीटर पाऊस पडतो अशा जागी पालीवालांनी ही शेती उभी केली आणि त्यातल्या काही खडिनांत अजून पीक घेतात. आमच्या घरी दुष्काळी भागातली शेती होती म्हणून असेल, पण हिवाळ्यात चारी बाजूंना वाळू नि खडक आणि मधे हिरवागार गव्हाचा तुकडा बघितला की ह्यांचा पाय तिथून निघत नाही. खाभ्याच्या किल्ल्यावर सकाळी लवकर गेलात तर मोर भरपूर असतात.

वाळूच्या टेकड्यांसाठी सम की खुडी हा प्रश्न सगळे विचारतात. दोन्ही चाळीसेक किलोमीटर. सम ला टेकड्या मोठ्या, पण जीपचा गोंगाट आणि डीजे, आम्ही खुडीलाच जातो. साडेतीनला निघा, सूर्यास्त सहाच्या आसपास असतो. उंटावर बसायचं असेल तर एक लक्षात ठेवा, उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो त्यामुळे आपण पुढे फेकले जातो, खोगीर घट्ट धरून अंग मागे झुकवायचं. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच झुकायचं. कंबर, गुडघा किंवा खांद्याचं ऑपरेशन झालं असेल तर उंटगाडी सांगा, गादी घालून देतात, दोघांना शेजारी बसून गप्पा मारत जाता येतं. कॅम्पवर जेवणार असाल तर खुर्ची आधीच मागून ठेवा, नाहीतर सगळी बैठक जमिनीवरच्या गाद्यांची. आणि मांगणियार (इथले पिढीजात लोकगायक) असतील तर कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, वाजवणारं कोणी आहे का ते विचारा, स्पीकर बंद करायला सांगून ऐका, ते वाद्य माईकशिवायच ऐकायचं.

ज्यांना पक्ष्यांची आवड आहे त्यांनी एक सकाळ डेझर्ट नॅशनल पार्कला द्या, सुदासरीच्या बाजूला. तिथला गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तोच, आपल्याकडे आता तो जवळजवळ संपलाच. दिसेल याची खात्री नाही, दिसला तर लांबूनच बघा, गाडीतून उतरू नका.

तनोट-लोंगेवाला हा एकच दिवस लांबचा. तनोट सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, रस्ता सरळ आणि चांगला पण मधे फारसं काही नाही. रामगढला थांबून नाश्ता आणि बाथरूम दोन्ही उरकून घ्या. तनोटमातेच्या देवळाची व्यवस्था बीएसएफचे जवान बघतात, १९६५ मध्ये न फुटलेले बॉम्ब तिथे ठेवलेत. तिथून लोंगेवाला, जिथे ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या कंपनीने पहाटे विमानं येईपर्यंत रणगाडे रोखून धरले. आधार कार्ड जवळ ठेवा, मोबाईलला रेंज जाते हे मुलांना आधी कळवून ठेवा म्हणजे ते घाबरत नाहीत.

रोजच्या पिशवीत काय? दोघांत तीन-चार लिटर पाणी, कारण घाम लगेच सुकतो आणि तहान कळत नाही. थर्मासमध्ये चहा, मीठ-साखरेची पाकिटं, खजूर, दुपारच्या गोळ्या, व्हॅसलीन, टिश्यू. डायबेटिस असेल तर जेवण लांबेल असं गृहीत धरून दशम्या किंवा खाकरे ठेवाच.

जेवणाचं सांगायचं तर सकाळी कचोरी, मिरचीवडा एखाद्याच दिवशी, तेलकट असतं. दुपारी साधी थाळी मागा: गट्ट्याची भाजी, कढी, केर-सांगरी (वाळवंटातल्या झुडपाची छोटी फळं आणि खेजडीच्या शेंगा यांची भाजी), बाजरीचा सोगरा. सोगरा आपल्या भाकरीपेक्षा जाड, तो गरम असतानाच वरून फोडून बोटाने खळगे करायचे, त्यात तूप सोडायचं आणि गुळाबरोबर खायचा, दात कमजोर असतील तर कढीत कुस्करून. सोबत लसणाची लाल चटणी, पण बोटाच्या टोकाएवढीच घ्या, झणका फार. दाल-बाटी-चूरमा दुपारीच खायचं, रात्री जड जातं. रात्री बाजरीची राब किंवा खिचडी आणि ताक. गोड म्हणून घोटुवा लाडू, जैसलमेरची खासियत, तो दोघांत एक पुरतो.

निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून सुके केर आणि सांगरी घ्या. केर बारीक निवडायचे, सांगरी सडसडीत आणि किडकी नको, महाग असते त्यामुळे पाव किलो पुरे. घरी करताना केर मिठाच्या ताकात आणि सांगरी पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी चार पाण्यांनी चोळून धुवायचं, नाहीतर वाळू कचकचते, मग मऊ शिजवून पाणी निथळायचं. तेल जरा सढळ, हिंग, जिरं, अख्ख्या लाल मिरच्या, मग हळद, धणेपूड, आमचूर, शेवटी मूठभर मनुका. पाणी अजिबात घालायचं नाही, दोन दिवस टिकते, आणि दुसऱ्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर जास्त चांगली लागते.